कानामागचा चटका

निरुपमा गुप्ते बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसे, हनुवटीकडे बघे. त्यामुळे दांडिया बाजारातल्या अर्ध्या मराठी वस्तीला ती आवडत नसे, आणि उरलेल्या अर्ध्याला ती काय म्हणाली ते वर्षानुवर्षं लक्षात राही. भाजीच्या लारीपाशी उभ्या असलेल्या बाईला ती सरळ विचारायची, "तुमची डावी बाजू उजवीच्या आधी उतरलीय. त्याच कुशीवर झोपता का?" मनात वाईट काही नसायचं, पण गोडही काही नसायचं. सुताराला दार दिसलं की आधी बिजागरी दिसते, तशी हिला माणूस दिसलं की आधी कातडी दिसायची.

आजोबा सरकारी दप्तरात अव्वल कारकून, वडील शाळामास्तर. निरुपमा मॅट्रिक झाली आणि तिथेच थांबली. नवरा वसंत मकरपुऱ्याच्या कारखान्यात, सकाळी कंपनीच्या बसनं जायचा आणि संध्याकाळी तेलाचा वास घेऊन यायचा. लग्नानंतर फत्तेगंजच्या एका ख्रिस्ती बाईकडे ती चेहऱ्याचं काम शिकली. त्या बाईनं पहिले सहा महिने तिला फक्त स्वतःच्या मांडीवर अंगठा फिरवायला लावला. खालून वर, कधी वरून खाली नाही. मग घराच्या पुढच्या खोलीत पडदा लावून हिनं पार्लर काढलं. बायका तिच्या तोंडाला घाबरून यायच्या आणि तिच्या हातासाठी परत यायच्या.

त्यातली एक मात्र परत आली नाही. अहल्याबाई. लक्ष्मीकांतरावांची बायको, जुन्या दरबारी घराण्यातली, अजून हळदीकुंकवाला चांदीची अत्तरदाणी बाहेर काढणारी. एका संक्रांतीला त्यांच्याच दिवाणखान्यात, अकरा बायका बसलेल्या असताना, निरुपमा त्यांना म्हणाली, "काकू, मिशी काढून घ्या एकदा. तिळाचा दाणा अडकलाय त्यात."

दाणा खरोखरच अडकलेला होता. पण तो दाखवायची ही काय जागा झाली? अकरा बायकांनी खाली मान घालून तिळगूळ चावला. त्या दिवसापासून अहल्याबाईंच्या तोंडी निरुपमाला नाव उरलं नाही. "ती तोंडपुसणी" एवढंच.

मग दिवस बदलले. टीव्हीवर पन्नास वाहिन्या आल्या आणि प्रत्येक वाहिनीवर एक गुळगुळीत बाई आली. डाळीचं पीठ आणि सायीवर खूश असलेल्या बायका आता विचारायला लागल्या, "तुझ्याकडे मशीन नाही का गं?" निरुपमा म्हणायची, "माझ्याकडे दहा बोटं आहेत." बायका हसायच्या आणि दुसरीकडे जायच्या. पडद्यामागची खुर्ची आठवड्यातले चार दिवस रिकामी राहायला लागली, तेव्हा तिनं मुकाट्यानं अलकापुरीत डॉक्टर देवेश कारखानिसांच्या दवाखान्यात नोकरी धरली. दोन हजार सहाची गोष्ट.

देवेश मूळचा आपल्यातलाच, पण मुंबईला शिकून आलेला. मराठी आजीमुळे यायची, पण आजी गेल्यावर तीत गुजराती मिसळायला लागली होती. दवाखान्यात सगळं पांढरं. भिंतीवर एकाच बाईचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. आधीच्या फोटोत तिला खाली बघायला लावलं होतं आणि नंतरच्यात वर. निरुपमानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "डॉक्टर, हिची मान नुसती वर करून सुद्धा एवढा फरक पडतो." डॉक्टर म्हणाले, "निरुपमाबेन, तुम्ही पेशंटसमोर कमी बोला ने."

मशीन शिकवायला कंपनीचा माणूस तीन दिवस येऊन राहिला. कापाकापी नाही, टाके नाहीत. वरची कातडी गार ठेवायची आणि आतली शेकायची, एवढंच ते मशीन करायचं. हातात एक जाड मूठ. तिच्या टोकातून आधी गार फवारा, मग रेडिओच्या लहरींचा करंट आत, मग पुन्हा गार. पाठीला एक चिकट पट्टी, करंट त्या वाटेनं बाहेर. गालावर निळ्या शाईचे चौकोन उमटवून घ्यायचे आणि एकेक चौकोन शेकत जायचा. शेकानं आतले धागे आखडतात आणि दोन-तीन महिन्यांत कातडी भरून येते, असं डॉक्टर सांगत. थोडं व्हायचंही. छापील कागदावर लिहिलं होतं तेवढं व्हायचं नाही, आणि ते कबूल करायला कोणी तयार नसायचं, करणारे नाहीत आणि करून घेणाऱ्या तर त्याहून नाहीत.

शेक किती लागतो ते बाईनं आकड्यात सांगायचं, शून्य ते चार. चार म्हटलं की थांबायचं. आता आपल्या बायका. बाळंतपणात तोंडात पदर कोंबलेल्या. त्यांना विचारलं की दोन का तीन, त्या म्हणत, "चालेल." गुजराती बायका म्हणत, "चालशे." चार कोणी म्हणत नसे. म्हणून निरुपमा आकडा ऐकत नसे, पायांकडे बघे. अंगठा आत वळला की ती मूठ उचलायची. तीन वर्षांत तिच्या हाताखाली एकीच्याही गालावर फोड आला नव्हता. अलकापुरीतल्या बायका फोन करून विचारत, "पेलां निरुपमाबेन छे ने?" ती असेल तरच येत.

खरी अडचण गळ्याची होती. अंगावर सोनं असलं की करंट वाट सोडून त्याच्याकडे पळतो. म्हणून कानातलं, नाकातलं, बांगड्या, जोडवी, सगळं काढायचं. बाकी सगळं निघायचं. मंगळसूत्र म्हटलं की बाई उठून बसायची. मराठी घरातली बाई मोकळ्या गळ्यानं न्हाणीघरातसुद्धा जात नाही. एकजण तर पाठीची पट्टी ओरबाडून, गालावर निळे चौकोन घेऊन रिक्षात बसून निघून गेली होती.

निरुपमानं डोकं चालवलं. मांडवीत जाऊन काचेचे काळे मणी आणले, साध्या सुती दोऱ्यात स्वतः ओवले, गाठ दोऱ्याचीच मारली. तार नाही, सोनं नाही, काही नाही. अशा सहा काळ्या पोती स्टीलच्या डब्यात. सोन्याचं काढायच्या आधी काळी पोत गळ्यात घालायची, मग सोन्याचं उतरवायचं, म्हणजे गळा एक क्षणही मोकळा नाही. काम झालं की उलट्या क्रमानं. पोत धुवायची, वाळवायची, पुन्हा डब्यात. बायका निवांत पडून राहायच्या. एक म्हातारी तर म्हणाली, "तुझी जीभ सोडली तर तू देवमाणूस आहेस."

दोन हजार नऊच्या सुरुवातीला डॉक्टरांनी दवाखाना नवा केला. कुठल्याशा मोठ्या शिक्क्यासाठी तपासणीला माणसं येणार होती. डॉक्टरांनी खण उघडला आणि डबा बाहेर काढला.

"आ शूं छे?"

"पोती आहेत. बायकांसाठी."

"दहा जणींच्या गळ्यातलं अकराव्या बाईला? निरुपमाबेन, हे क्लिनिक आहे, मंदिर नाही."

"धुते मी दरवेळी."

"धुण्याचा प्रश्न नाही. कसं दिसतं? आता कागद आलाय. 'मी अंगावरचा सर्व धातू काढला आहे.' पेशंट सही करेल. जबाबदारी तिची."

"सही करून बाई खोटं बोलेल."

"तो तिचा प्रश्न."

"जळेल ती, डॉक्टर."

डॉक्टरांनी डबा तिच्या देखत कचऱ्याच्या पिंपात उपडा केला. काच काचेवर आपटल्याचा आवाज आला. निरुपमानं त्यांच्या हनुवटीकडे बघितलं आणि म्हणाली, "पस्तिशीतच दुहेरी व्हायला लागलीय." त्यानंतर ती दोघं कामापुरतीच बोलत.

आणि महिन्याभरातच अहल्याबाई दवाखान्यात आल्या.

लक्ष्मीकांतरावांची पंचाहत्तरी जवळ आली होती. हॉल ठरला होता, मोठा फोटो काढायचा होता, पुण्याची जाऊ येणार होती, आणि ती जाऊ म्हणे अजून पन्नाशीची दिसत होती. सून मुग्धा बँकेत होती. तिनं सासूबाईंना तोंडावर सांगितलं, "आई, फोटोत तुम्ही थकलेल्या दिसता." सुनेनं असं म्हटल्यावर सासू काय करील? दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिच्याच गाडीत बसून अलकापुरीला आली.

आत निरुपमाला बघून त्यांनी दारातच पाय रोवला.

"ही करणार?"

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, हमारे यहां सबसे अच्छा हाथ इन्हींका है."

"हात मला माहीत आहे," अहल्याबाई म्हणाल्या. "तोंडही."

मुग्धानं कागद भरला, सासूबाईंनी वळणदार सही केली. पडद्याआड जाऊन त्या दवाखान्याचा झगा घालून आल्या, डोक्यावर केस झाकायची निळी टोपी, कपाळापासून मानेपर्यंत ओढलेली. पलंगावर पडल्या आणि छताकडे बघत राहिल्या.

"गळ्यातलं काढलंत?" निरुपमानं विचारलं.

"सही केलीय ना कागदावर? वाचता येतं ना तुला?"

"कागदाला गळा नसतो, म्हणून विचारते."

"तू तुझं काम कर. मशीन चालवायला ठेवलीय ना तुला? की पुन्हा मिशीच बघणार आहेस?"

निरुपमाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. दहा-अकरा वर्षं झाली होती त्या संक्रांतीला. या बाईनं तेव्हापासून तिला एका हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, आणि दुसऱ्या चार घरांतूनही तिचं नाव कापायला लावलं होतं. निरुपमाच्या मुलीच्या लग्नाची बोलणी एका ठिकाणी थांबली, तीही यांच्याच एका शब्दावर, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. खरं की खोटं, देव जाणे. पण ते तिच्या मनात होतं.

तिनं गालावर चौकोन उमटवले. डाव्या बाजूनं सुरुवात केली. अहल्याबाई "चालेल" सुद्धा म्हणाल्या नाहीत, ओठ मिटून पडून राहिल्या. पायाचा अंगठा काठीसारखा ताठ. डावी बाजू झाली, कपाळ झालं. उजवीकडे यायचं म्हणून निरुपमानं त्यांचं डोकं हलकेच वळवलं, आणि तेव्हा तिला ते दिसलं.

उजव्या कानामागे, टोपीच्या कडेला, मोहरीएवढं काळं काहीतरी.

तिनं दुसऱ्यांदा बघितलं. तीळ असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. चेहऱ्याच्या कामात तीस वर्षं काढलेली बाई. तीळ कुठला आणि काचेचा मणी कुठला, हे तिला डोळे मिटूनही कळलं असतं. मंगळसूत्र उलटं फिरवून, कानामागून वर घेऊन, वाट्या टोपीत केसांखाली दडवल्या होत्या. एका बोटानं टोपी उचलली असती की झालं असतं. "काकू, हे काढा" म्हटलं असतं की झालं असतं. त्या किंचाळल्या असत्या, डॉक्टर आले असते, तमाशा झाला असता, पण चटका बसला नसता.

निरुपमा मनात म्हणाली, सही केलीय ना? घ्या मग.

आणि तिनं मूठ जबड्याला लावली.

कानाच्या पाळीखाली तिसऱ्या चौकोनाला 'चट्' असा आवाज झाला, ओली वात पेटल्यासारखा. अहल्याबाई ताडकन उठून बसल्या, हात कानामागे घट्ट दाबलेला. ओरडल्या नाहीत. दातांतून म्हणाल्या, "जाळलंस मला."

निरुपमाच्या हातातली मूठ खाली पडली. ती पुढे झाली तशी अहल्याबाई मागे सरकल्या. "हात लावायचा नाही. तू हात लावायचा नाहीस!" डॉक्टर धावत आले, त्यांनाही बघू दिलं नाही. ओला टॉवेल कानाला धरून, अर्ध्या चेहऱ्यावर निळे चौकोन तसेच घेऊन, त्या सुनेबरोबर गाडीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बातमी दांडिया बाजारात पोचली होती. निरुपमानं अहल्याबाईंना जाळलं. जिन्यावर भेटलेल्या शेजारणीनं विचारलं, "खरं का गं?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली.

डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला कागद होता. मुग्धा ग्राहक न्यायालयात जायचं म्हणत होती, वर्तमानपत्रात द्यायचं म्हणत होती.

"यावर सही करा. मी सगळं मिटवतो."

"काय लिहिलंय?"

"की तुम्ही पेशंटला दागिन्यांबद्दल विचारलं नाही आणि तपासलं नाही. चुकून. तुम्हाला मशीनवरून काढून फोनवर बसवतो. पगार तोच. मी माणसं टाकून देत नाही, निरुपमाबेन."

"मी विचारलं होतं."

"पुरावा आहे?"

"आणि सही न केली तर?"

"तर मी म्हणेन की ती बाई आता माझ्याकडे कामाला नाही." डॉक्टर मागे रेलले. "परवा बारा वाजता सासूसून येतात. तोपर्यंत विचार करा."

घरी वसंतनं आमटीत पोळी बुडवता बुडवता ऐकून घेतलं. "कर की सही. आमच्या कारखान्यात रोज कोणीतरी करतं. बोट एकाचं जातं, सही दुसऱ्याची असते."

"उद्या नोकरी सोडून मी पुन्हा पुढच्या खोलीत पडदा लावला, तर कोण येईल? बघत नाही, विचारत नाही अशा बाईच्या हातात कोण तोंड देईल?"

"मग नको करू."

"नाही केली तर काय सांगू?"

"जे झालं ते सांग."

निरुपमा आमटी वाढायला वाकली. जे झालं ते त्यालाही सांगितलेलं नव्हतं. कागदात लिहिलं होतं की तिनं बघितलं नाही. तिनं बघितलं होतं. तो कागद तिच्यावर आळ घालत होता आणि त्याच कागदानं तिचं खरं पाप झाकलंही जात होतं. सही केली की ती गाफील ठरणार. गाफील बाईची लोक कीव तरी करतात. पण आयुष्यभर तिच्याजवळ एकच गोष्ट होती, तिला दिसतं ही. ती गोष्ट स्वतःच्या सहीनं खोडायची?

ठरल्या दिवशी बारा वाजता डॉक्टरांच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या होत्या. अहल्याबाई डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या, उजव्या बाजूला जरा जास्तच ओढलेला. मुग्धाच्या मांडीवर फाईल.

"सरळ बोलू या," मुग्धा म्हणाली. "माझ्या सासूबाईंनी फॉर्मवर लिहून दिलं होतं. सगळं काढलं होतं. तरी भाजलं. म्हणजे मशीन तरी खराब, नाहीतर ही बाई तरी."

"मशीन एकदम बरोबर आहे," डॉक्टर घाईनं म्हणाले. "निरुपमाबेन आपली चूक मान्य करतायत. बसा, निरुपमाबेन. पेन घ्या."

निरुपमानं पेन घेतलं. कागद घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. सावकाश, शाळेतल्यासारखं, ओठ हलवत.

"हे काय करताय?"

"इंग्रजी मला नीट येत नाही. जे मला वाचता येतं त्यावरच सही करीन."

तिनं लिहून पुरं केलं आणि मोठ्यानं वाचलं.

"मी निरुपमा वसंत गुप्ते. मंगळवारी मी अहल्याकाकूंना गळ्यातलं काढलं का असं एकदा विचारलं. त्यांनी सही दाखवली. नंतर त्यांच्या उजव्या कानामागे मला काळा मणी दिसला. मी तो ओळखला. पुन्हा विचारलं नाही, कारण मला त्यांचा राग होता. मणी सोन्याच्या तारेत होता, म्हणून चटका बसला. बायकांनी सोनं काढावं म्हणून मी सुती दोऱ्याच्या पोती ठेवल्या होत्या. त्या डॉक्टरसाहेबांनी कचऱ्यात टाकल्या. निरुपमा गुप्ते."

डॉक्टरांचा चेहरा टेबलाच्या काचेसारखा झाला. "हे... हे काय लिहिलंय? मी हे स्वीकारू शकत नाही."

पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. अहल्याबाई उभ्या राहिल्या होत्या.

"पाहिलंस तू?"

"हो."

"पाहिलंस, आणि तोंड मिटून बसलीस? तू? संक्रांतीच्या दिवशी अकरा बायकांत मिटलं नाही ते तोंड त्या दिवशी मिटलं?"

"हो, काकू."

"अगं मेले, एक शब्द! मणी दिसतोय, एवढा एक शब्द बोलली असतीस—"

"तर काढलं असतंत?"

"नसतं काढलं!" अहल्याबाईंचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. "का म्हणून काढू? माझं ऑपरेशन झालं तेव्हा मोठ्या सर्जनला सांगितलं, पोट कापा, गळ्याला हात लावू नका. मनगटाला बांधून टेबलावर पडले. आणि इथे, या तोंड इस्त्री करायच्या दुकानात, काढून ठेवू? यांची पंचाहत्तरी तोंडावर आलेली असताना? टोपीत कोणाच्या बापाला दिसणार होतं?"

ते बोलून झाल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं.

"आई," मुग्धा म्हणाली. "म्हणजे तुम्ही घातलेलं होतं?"

अहल्याबाईंनी उजवीकडचा पदर आणखी पुढे ओढला.

"मी तीन दिवस वकिलाला फोन करतेय. बँकेत सगळ्यांना सांगून बसलेय. तुम्ही मला सांगितलंत की सगळं काढून पर्समध्ये ठेवलं होतं."

"तुला सांगून काय उपयोग? फोटोत थकलेली दिसते म्हणणारी तूच ना?"

"म्हणजे आता हे माझ्यावर?"

"प्लीज, प्लीज," डॉक्टर म्हणाले.

निरुपमा उठून अहल्याबाईंच्या उजवीकडे गेली. "बघू."

"दूर हो."

"बघू द्या. नंतर हव्या तेवढ्या शिव्या द्या."

काय झालं कोण जाणे, अहल्याबाईंनी पदर मागे सारला. कानामागे एक बारीक लाल रेघ, आणि केसांच्या कडेला शेजारी शेजारी दोन गोल डाग, वाट्यांच्या मापाचे, कडा पिवळ्या पडलेल्या. डॉक्टर बघायला आले तशी त्या त्यांच्यावर डाफरल्या, "तुम्ही नाही!"

निरुपमानं वाकून बघितलं. हात लावला नाही. तिला वाटलं होतं तेवढं खोल नव्हतं, पण हे तिच्या हातून झालं होतं, आणि तीस वर्षांत असं झालं नव्हतं. म्हणून ती आणखीच रागानं बोलली.

"हळद भरलीय यात. कोणी सांगितलं होतं?"

"आमच्यात भाजल्यावर हळदच लावतात."

"पाण्यानं धुऊन टाका. फोड फोडू नका, आणि खऱ्या डॉक्टरला दाखवा, नाहीतर डाग राहील."

"राहू दे. तू मला शिकवू नकोस."

"चुकलं माझं, काकू."

"ते कागदावर लिहिलंस. तोंडानं बोलायची गरज नाही. मी माफ करणार नाही."

"मी मागतही नाहीये. चुकलं एवढंच सांगतेय."

मुग्धानं फाईल बंद केली. तिच्याकडे आता लढायला काहीच उरलं नव्हतं, आणि त्याचा राग कोणावर काढावा ते तिला कळत नव्हतं. शेवटी ती डॉक्टरांवर उलटली. "आणि तुम्ही? साधी दोऱ्याची पोत ठेवायला काय जात होतं तुमचं? मीही मंगळसूत्र काढत नाही. मीही खोटीच सही केली असती."

डॉक्टरांनी टेबलावरच्या कागदाकडे हात नेला. त्याआधी अहल्याबाईंनी तो उचलला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकून चाप लावला. "यात माझ्या घरचं नाव आहे. हा कोणाकडे राहणार नाही."

"घेऊन जा," निरुपमा म्हणाली. "कोणी विचारलं तर मी पुन्हा लिहीन. शब्द बदलणार नाहीत."

"मला माहीत आहे," अहल्याबाई म्हणाल्या, आणि ते कौतुकानं नक्कीच नव्हतं. सासूसून निघून गेल्या, एकमेकींशी न बोलता, एकाच गाडीत.

दार बंद झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं कशाला. निघालेच."

"केस टळली, हे खरं. पण तुम्ही जे केलंत... मणी दिसला आणि तुम्ही चालू ठेवलंत. अशा बाईला मी मशीनजवळ उभी करू शकत नाही."

एवढं एक वाक्य तो माणूस बरोबर बोलला होता. निरुपमानं मान हलवली, झगा काढून खुंटीला अडकवला आणि चपला घातल्या.

बाहेरच्या खोलीत साडेबाराची बाई येऊन बसली होती. चाळिशीची, मराठीच असावी, हातात भरून दिलेला कागद. आतली भांडणं भिंतीतून जेवढी ऐकू आली असतील तेवढी तिच्या तोंडावर दिसत होती. निरुपमाला बघून ती अर्धी उठली.

"तुम्हीच ना निरुपमाताई? माझं तुमच्याकडेच आहे."

"माझ्याकडे नाही आता. दुसरं कोणी करेल."

"पण मला तर सांगितलं होतं की—"

"गळ्यातलं काढलंय का?"

बाईनं हातातला कागद पुढे केला. निरुपमानं तो बघितला नाही. ती बाईच्या गळ्याकडे बघत होती. ओढणी दोन वेढे घेऊन, पिन लावून, नको तेवढी घट्ट बसवलेली होती.

"मी काय विचारतेय?"

"आता... सासूबाईंनी सांगितलंय की—"

"काढवत असेल तर आत जा. काढवत नसेल तर घरी जा. आहे तो चेहरा वाईट नाही."

काउंटरवरची मुलगी कुजबुजली, "निरुपमाबेन, डॉक्टरसाहेब सांभळे छे."

"ऐकू देत."

आतून डॉक्टरांचा आवाज आला, पेशंटला आत पाठवा म्हणून. बाईनं एकदा त्या दाराकडे बघितलं, एकदा निरुपमाकडे. निरुपमा तिला पाठमोरी झाली नाही. जिन्याच्या तोंडाशी, पिशवी काखेत मारून, ती तशीच उभी राहिली, आणि बाईचा हात वर जाऊन ओढणीच्या पिनेवर थांबेपर्यंत तिनं नजर काढली नाही.